मागचे ब्रेक शू: नवा सेट घ्यावा की जुन्यांनाच लायनर लावावा?

मागच्या चाकाच्या ड्रममध्ये, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डब्यात, आतून दाबला जाणारा कमानदार तुकडा म्हणजे शू, आणि त्याच्यावरचा घासला जाणारा थर म्हणजे लायनर. हे झिजले की गॅरेजमध्ये दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतो, नवा सेट टाका आणि मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, शूचं लोखंड ठणठणीत आहे, लायनर लावून देतो, पैसे वाचतील. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र ड्रम उघडण्याआधीच कोणी ठामपणे सांगत असेल, तर तो अंदाजाने बोलतोय.

बऱ्याच गाड्यांत चाकामागच्या पत्र्यावर रबरी बूच असतं. ते काढून टॉर्च मारला की लायनरची जाडी दिसते. पण दिसते ती एकाच जागची. छोट्या गाड्यांत बहुधा पुढच्या बाजूचा शू मागच्यापेक्षा आधी झिजतो, त्यामुळे एका भोकातून पाहून निकाल देऊ नये. ड्रम काढाच. चिकटवलेलं लायनर 1 मिमीवर आलं असेल तर शू संपला. रिव्हेटवालं, म्हणजे धातूच्या खिळ्यांनी ठोकलेलं असेल तर जाडी रिव्हेटच्या डोक्यापासून मोजायची, कारण एकदा डोकं घासू लागलं की ड्रमवर चरे पडतात. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि भारतात त्याच्या वापरावर सरसकट बंदी नाही. ओल्या फडक्याने पुसा.

आता तुलना. मारुती 800 घ्या. उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी शू सहज मिळतात. अशा गाडीला मी नवा सेटच घेईन. नव्या शूवरचं लायनर कारखान्यात उष्णता आणि दाब देऊन चिकटवलेलं असतं. रस्त्याकडेच्या दुकानात ते काम नीट झालं की घाईत उरकलं, हे बाहेरून कळत नाही. सुटलेलं लायनर ड्रममध्ये अडकलं तर चाक जाम होतं. त्यापुढे वाचलेल्या पैशांचं कौतुक राहत नाही. नव्या सेटची भीती एकच, नकली डबा. ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या आणि स्प्रिंग वेगळ्या मागा, सेटबरोबर त्या येतीलच असं नाही.

जुन्या प्रीमियर पद्मिनीची गोष्ट निराळी. कुर्ल्यात बनायची ती गाडी, चारही चाकांना ड्रम. तिचा चांगला शू शोधत बसण्यापेक्षा रिव्हेट मारणारा जुना कारागीर शोधलेला बरा. रिव्हेटचं काम निदान तपासता येतं. मधल्या रिव्हेटपासून सुरुवात करून कडेकडे जायला हवं, आणि लायनर व लोखंड यांच्या फटीत पातळ पातं शिरता कामा नये. लायनरवाल्याचा आणखी एक फायदा नव्या डब्यात मिळत नाही. ड्रम लेथवर घेऊन मोठा झाला असेल, तर जाड लायनर लावून त्या गोलाईला घासून देता येतं. मूळ मापाचा नवा शू अशा ड्रमला आधी फक्त मधोमध टेकतो, आणि पूर्ण बसेपर्यंत पेडल दमदार लागत नाही. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे मात्र लेथ नको, तिथे ड्रमच बदलायचा.

कोकणातल्या गाडीचा जुना शू असेल तर लायनर लावायचा विचार जपून करा. दमट हवेत लायनरखालचं लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि नवं लायनरही उचलतो. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी बरेच दिवस उभी ठेवली तर शू ड्रमला धरतात. तिथे गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावलेला चांगला.

लायनर तेलाने भिजलेलं दिसलं तर पर्याय संपला. धुऊन, जाळून ते पूर्वीसारखं होत नाही. बहुधा व्हील सिलिंडर, म्हणजे शू ड्रमवर दाबणारा भाग, गळत असतो, आधी गळती दुरुस्त करा, मग दोन्ही चाकांचे शू बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी ब्रेक मारताना एकीकडे ओढते.

घरी करायचं म्हणाल, तर जॅकच्या भरवशावर नको, स्टँड हवेत. एका वेळी एकच बाजू उघडा म्हणजे दुसरी नमुन्याला राहते. ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी हँडब्रेकची केबल सैल करा. काही ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सरकतो. जुळणीत आधी शू ड्रमजवळ आणणारा अ‍ॅडजस्टर, मग केबल. गॅरेजमध्ये बरेचदा उलटं होतं: केबल ताणून हँडब्रेक वर आणतात. शू मात्र तसेच लांब राहतात आणि पेडल खाली जातच राहतं. सिलिंडर उघडला असेल तर ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. व्हील सिलिंडर खोलायची सवय नसेल, तर शू स्वतः आणून काम मेकॅनिककडूनच करून घ्या, आणि ड्रम निघताना तिथे उभे राहा.