एका कॉलेजातले तीन कोच: निघून गेलेला, थांबलेला आणि वीस वर्षं वाट पाहिलेला

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलच्या धंद्यात असिस्टंट म्हणून काही वर्षं घासली आणि नशिबाने साथ दिली, तर कधीतरी तो फोन येतो. मोठ्या विद्यापीठात हेड कोचची जागा, पगार कितीतरी पट, आणि विचार करायला जेमतेम दोन दिवस. तुम्ही स्वतः त्या फोनच्या जवळपास असाल, किंवा तिकडच्या एखाद्या मराठी घरातली मुलगी इंजिनिअरिंग करता करता टीम मॅनेजर होऊन आता "मला कोचच व्हायचंय" म्हणत असेल, तर जायचं की थांबायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं बरं.

या प्रश्नासाठी मला गोंझागाइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडत नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं हे छोटं जेझुइट विद्यापीठ. तिथल्या बास्केटबॉल ऑफिसातून तीन माणसांनी तीन वेगळ्या वाटा धरल्या: डॅन मॉन्सन, मार्क फ्यू आणि टॉमी लॉइड. कॉलेज तेच, खेळाची शिकवण तीच, निर्णय मात्र वेगळे. तुलनेला याहून अधिक काय हवं?

निघून गेलेला

१९९९चा मार्च. मॉन्सन यांचं हेड कोच म्हणून दुसरंच वर्ष. आपल्या गटातल्या सोळा संघांत दहावं मानांकन असलेला गोंझागा राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या फेरीत मिनेसोटाला हरवतो, मग स्टॅनफर्डला, मग फ्लोरिडाला एका गुणाने, आणि शेवटच्या आठांत कनेटिकटशी ६७-६२ असा झुंजून हरतो. पुढे विजेतेपद कनेटिकटनेच घेतलं. देशभर या चिमुकल्या कॉलेजचं नाव झालं आणि मॉन्सनना आमंत्रण आलं ते चक्क मिनेसोटाचं. ज्या संघाला पहिल्या फेरीत घरी पाठवलं, त्याच संघाचे ते कोच झाले.

कागदावर हा निर्णय कुणालाही पटला असता. बिग टेनसारखी मातब्बर कॉन्फरन्स (म्हणजे हंगामभर आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट), मोठं राज्य विद्यापीठ, गोंझागाला तेव्हा देणं अशक्य होतं असा पगार. मॉन्सन यांचे वडील डॉन मॉन्सनही कॉलेज कोचच होते, त्यामुळे अशी संधी परत येईलच असं नाही, हे त्यांना घरातूनच ठाऊक असणार. मी त्यांना दोष देत नाही. तुमच्या-माझ्यापैकी बहुतेकांनी होच म्हटलं असतं.

पण मिनेसोटाची जागा रिकामी का होती? गोंझागाशी झालेल्या त्याच सामन्याच्या आदल्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्राने बातमी फोडली होती, की बास्केटबॉल खेळाडूंचे कॉलेजचे निबंध आणि गृहपाठ ऑफिसातलीच एक कर्मचारी वर्षानुवर्षं लिहून देत होती. अशी सुमारे ४०० कामं. चार खेळाडूंना त्या सामन्यातून बाहेर बसावं लागलं, कोच क्लेम हॅस्किन्स गेले, आणि पुढे १९९७ची फायनल फोरपर्यंतची, म्हणजे शेवटच्या चार संघांपर्यंतची, मजलही दफ्तरातून पुसली गेली. कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएच्या शिक्षेत शिष्यवृत्त्या कापल्या गेल्या, भरतीवर बंधनं आली. गुन्हा आधीच्या माणसाचा, हप्ते नव्या माणसाने फेडायचे. सात-साडेसात वर्षांत मॉन्सनना राष्ट्रीय स्पर्धा गाठता आली ती एकदाच, २००५मध्ये. २००६च्या नोव्हेंबरात, हंगाम नुकताच सुरू झालेला असताना, ते पायउतार झाले.

त्यानंतर लाँग बीच स्टेटमध्ये त्यांनी सतरा हंगाम काढले, म्हणजे 'करिअर संपलं' वगैरे काही झालं नाही. तिथला शेवट मात्र सांगण्यासारखा आहे. २०२४च्या मार्चमध्ये विद्यापीठाने जाहीर केलं, की या हंगामानंतर मॉन्सन कोच नसतील. त्याच आठवड्यात त्यांच्या संघाने कॉन्फरन्सची स्पर्धा जिंकली आणि थेट राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळवला. काढून टाकलेला कोच संघ घेऊन देशातल्या सर्वांत मोठ्या मंचावर उभा! पहिल्या फेरीत समोर ॲरिझोना, आणि ॲरिझोनाच्या बाकावर टॉमी लॉइड. ॲरिझोनाने ८५-६५ असा सामना घेतला.

थांबलेला

मॉन्सन गेल्यावर त्यांची खुर्ची मिळाली मार्क फ्यू यांना. १९८९ला ते गोंझागात ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे शिकता शिकता जवळजवळ फुकटात राबणारा पोरगा, म्हणून आले होते. हेड कोच झाल्यापासून राष्ट्रीय स्पर्धा जितक्या वेळा भरली तितक्या वेळा गोंझागा तिथे पोचला आहे (२०२०ची कोरोनामुळे रद्द झाली). ७००हून अधिक विजय. २०१७ला अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाकडून ७१-६५ अशी हार. २०२१ला ३१ सामने सलग जिंकून अंतिम सामन्यात आले आणि बेलरने ८६-७० असं धुतलं. विजेतेपद दोनदा हुकलं, हे त्यांच्या खात्यातलं उणं.

मोठ्या विद्यापीठांतल्या जागांसाठी फ्यू यांचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं. ते गेले नाहीत. लोक याला निष्ठा म्हणतात. मला त्यात व्यवहार जास्त दिसतो. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये गोंझागा इतरांच्या बराच पुढे होता, त्यामुळे दर हंगामात भरपूर विजय आणि राष्ट्रीय स्पर्धेचं तिकीट जवळजवळ पक्कं. बिग टेनमध्ये दर आठवड्याला कुणी ना कुणी तुम्हाला फोडून काढतं. दुसरं म्हणजे कॉलेजने हात आखडता घेतला नाही. २००४मध्ये ६,००० आसनांचं नवं मॅकार्थी सभागृह उभं राहिलं आणि पगारही वाढत दशलक्षांच्या घरात गेला. फ्यू थांबले, आणि ते जिथे थांबले ती जागा त्यांच्यासोबत वाढली. या दोन गोष्टींपैकी दुसरी नसेल, तर थांबण्याला फक्त अडकून पडणं म्हणतात.

शिवाय थांबणाऱ्यांच्या गोष्टी आपण ऐकतो त्या यशस्वी माणसांच्याच. ड्यूकचे माइक शशेफ्स्की घ्या. ४२ हंगाम एकाच विद्यापीठात, पाच विजेतेपदं, त्याआधी आर्मी या लष्करी अकादमीच्या संघासोबत मिळवलेले धरून १,२०२ विजय, मध्ये २००४ला एनबीएतल्या लेकर्स या व्यावसायिक संघाला नकार. पण ड्यूकमधल्या पहिल्या तीन वर्षांचा हिशोब ३८ विजय, ४७ पराभव असा होता. माजी विद्यार्थी डोकं मागत होते आणि ॲथलेटिक डायरेक्टर (विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचे प्रमुख) टॉम बटर्स यांनी ते दिलं नाही. आज असा धीर धरणारा डायरेक्टर मिळेल यावर मी पैज लावणार नाही. चौथ्या वर्षाआधीच गच्छंती झालेल्या कोचांची नावं कुणाला आठवतात?

वाट पाहणारा

तिघांत मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो टॉमी लॉइड. २००१पासून दोन दशकं फ्यू यांचा असिस्टंट, आणि फ्यू गेले की खुर्ची तुझीच, असं कॉलेजशी ठरलेलं. त्याने स्वतःचं एक क्षेत्र तयार केलं: परदेशी खेळाडू. फ्रान्सचा रॉनी टुरियाफ, पोलंडचा कार्नोव्स्की, लिथुआनियाचा सबोनिस, जपानचा रुई हाचिमुरा असे खेळाडू स्पोकेनसारख्या आडगावात आले, त्यामागे लॉइडची मेहनत होती. आपल्याकडच्या मुलांनी हे ध्यानात घ्यावं. एकाहून जास्त भाषांत वावरणं, परदेशातून आलेल्या मुलाच्या आईवडिलांशी नीट बोलता येणं, व्हिसाचे कागद पाहून न दचकणं, हे या धंद्यात भांडवल आहे.

फ्यू काही हलेनात. अखेर २०२१ला लॉइड ॲरिझोनाला गेला. पहिल्याच हंगामात ३३ विजय, ४ पराभव आणि वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून राष्ट्रीय मान. आधी कधी हेड कोच नव्हता, तरीही. उशीर झाला असं म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. पण ॲरिझोनाही चौकशीच्या सावटाखालीच होतं. म्हणजे मॉन्सनसारखाच वारसा. फरक इतका, की ॲरिझोनाकडे जुनी प्रतिष्ठा, भरगच्च प्रेक्षागृह आणि पैसा यांची वानवा नव्हती, आणि लॉइडकडे जगभरच्या ओळखी तयार होत्या.

पैसा आणि करार

आपल्याकडे कॉलेजातले शारीरिक शिक्षण संचालक कायम झाले, की संघ हरला म्हणून त्यांची नोकरी जात नाही. अमेरिकेत डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या श्रेणीचा, हेड कोच कराराने बांधलेला असतो आणि अनेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोचच असतो. आकड्याला भुलण्याआधी बायआउटचं, म्हणजे करार मध्येच मोडला तर द्यायच्या रकमेचं, कलम वाचा. मुदतीआधी काढलं तर किती देणार, तुम्हीच निघालात तर किती भरायचं, आणि काढल्यावर दुसरी नोकरी धरली तर ती रक्कम कापली जाणार का? केंटकीच्या जॉन कॅलिपारींना २०२४मध्ये काढायचं झालं असतं तर विद्यापीठाला तीन कोटी डॉलरच्या वर मोजावे लागले असते. ओकलंडसारख्या छोट्या संघाकडून राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरूनही खुर्ची शाबूत होती. ते स्वतःच आर्कान्सॉला गेले. छोट्या कॉलेजातल्या नवख्या कोचला असं कवच कुणी देत नाही.

डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीत, खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, पगार बेताचा, आणि बऱ्याच ठिकाणी कोचला आणखी एखादं कामही सांभाळावं लागतं. ज्याला शिकवण्यातच रस आहे त्याने ही वाट कमी लेखू नये. एवढंच सांगून पुढे जातो.

मधल्या काळात काय बदललं

मॉन्सन-फ्यू यांची तुलना आज जशीच्या तशी लागू करता येणार नाही. जुलै २०२१पासून खेळाडू स्वतःच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जोरावर जाहिरातींसारख्या कामांतून पैसे कमवू लागले, ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) एक वर्ष बाहेर न बसता कॉलेज बदलू लागले, आणि २०२५पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला सर्व खेळ मिळून सुमारे दोन कोटी डॉलरच्या मर्यादेत. म्हणजे दर वसंतात तुमचाच संघ तुम्हाला नव्याने भरती करावा लागतो. व्हिलानोवाचे जे राइट, दोन विजेतेपदं खिशात असताना, २०२२ला साठाव्या वर्षी थांबले. व्हर्जिनियाचे टोनी बेनेट २०२४च्या ऑक्टोबरात, हंगाम तोंडावर असताना, निवृत्त झाले आणि या नव्या व्यवस्थेत मी योग्य माणूस नाही, असं उघड सांगून गेले.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. लहान कॉलेजात चार वर्षं घडवलेला मुलगा मोठं विद्यापीठ पैसे टाकून उचलतं, म्हणून थांबणं महागलं. उलट नव्या जागी गेलात तर पोर्टलमधून एका उन्हाळ्यात संघ उभा करता येतो. मॉन्सनना ती सोय नव्हती. शिक्षा भोगणाऱ्या विद्यापीठात जाणं आज तेव्हाइतकं जीवघेणं नाही, पण पाहिल्याशिवाय सही करण्याइतकं सोपंही नाही.

मग काय करावं?

माझं मत विचाराल तर, असिस्टंट असाल आणि वरचा माणूस चांगला असेल तर थांबा, पण लॉइडसारखं स्वतःचं एक काम कमवा. नुसत्या आश्वासनावर बसून राहू नका. आधीच हेड कोच असाल तर विचारा: पुढच्या पाच वर्षांत तुमचं आताचं कॉलेज खेळाडूंसाठी किती पैसा टाकणार, आणि नव्या जागी तुम्हाला नेमणारा ॲथलेटिक डायरेक्टर स्वतः किती काळ राहणार? पहिल्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर निघा. दुसऱ्याचं गुळमुळीत आलं, तर नव्या जागेवर तुमचा टॉम बटर्स नाही हे गृहीत धरून पगारापेक्षा बायआउटसाठी जास्त भांडा.

आणि जिथे चौकशी सुरू आहे तिथून बोलावणं आलं, तर नाही म्हणायची घाई करू नका. करारात एकच वाक्य मागा: आधीच्या कारकिर्दीबद्दल शिक्षा झाली, तर जितकी वर्षं शिक्षा तितकी वर्षं कराराची मुदत वाढेल. ते वाक्य लिहून द्यायला विद्यापीठ तयार नसेल, तर तुमच्याबद्दल त्यांनी काय ठरवून ठेवलंय ते सहीआधीच कळतं.