पीआरचा (जनसंपर्काचा) एक वर्षाचा डिप्लोमा केला, पैसे वसूल झाले का ते सांगते

बीएएमएमसी म्हणजे मास कम्युनिकेशनची डिग्री, तिच्या तिसऱ्या वर्षाला मुंबई युनिव्हर्सिटीत दोनच रस्ते असतात, जाहिरात नाहीतर पत्रकारिता, पीआर म्हणजे मधे कुठेतरी एखादा पेपर. मला तर तेच करायचं होतं म्हणून डिग्रीनंतर मुंबईतल्याच एका कॉलेजचा संध्याकाळचा पीआर डिप्लोमा केला. कॉलेजचं नाव लिहीत नाही कारण तक्रारीही आहेत आणि त्या मी त्यांना तोंडावर सांगून झाल्यात.

आधी चांगलं. क्रायसिसचा, म्हणजे कंपनी संकटात सापडली की काय करायचं याचा पेपर जबरदस्त शिकवला. १९८२ चं शिकागोचं टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण सगळीकडेच शिकवतात, कोणीतरी बाटल्यांत सायनाइड घातलं, सात माणसं गेली, आणि जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातल्या तीन कोटींच्या वर बाटल्या परत मागवल्या. पण आमच्या सरांनी त्याच्यासमोर २००३ चं कॅडबरी ठेवलं, दिवाळीच्या तोंडावर मुंबईत चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्या, कंपनी म्हणाली दुकानदार माल नीट ठेवत नाहीत, आपल्या एफडीएने (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने) विचारलं मग पॅकिंग धड का नाही, आणि शेवटी कंपनीला पॅकिंग बदलावंच लागलं, बच्चनसाहेबांची जाहिरात त्याच्यानंतरची. सरांचं म्हणणं एवढंच की नुसत्या जाहिरातीने काही झालं नसतं, रॅपर बदललं म्हणून बोलायला तोंड उरलं. मग २०१५ ची मॅगी, जूनमध्ये बंदी, ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली, नोव्हेंबरमध्ये माल परत दुकानात, आणि सुरुवातीचे काही दिवस कंपनी गप्प बसली त्याची किंमत काय पडली यावर आम्ही तीन संध्याकाळी भांडलो. त्या तीन संध्याकाळींसाठी मी परत फी भरेन, खरंच.

आता जिथे जीव जळतो ते. पूर्ण वर्षात मराठी लिखाणाला मोजून चार लेक्चर!! मुंबईत बसून पीआर शिकवता, निम्मे क्लायंट नाशिक कोल्हापूर नागपूरचे असतात, आणि मुलं इंग्रजी प्रेस नोट गूगलमध्ये टाकून जे बाहेर येईल ते मराठी पेपरांना पाठवतात. उपसंपादक ती उघडतो, पहिली ओळ वाचतो, बंद करतो. ती चार लेक्चरं घ्यायला एक मॅडम यायच्या, वीसेक वर्षं मराठी पेपरात काढलेल्या. त्यांनी विषय दिला, गुरुवारी पाणी येणार नाही याची नोट लिहा. माझी सुरू झाली ‘शहराच्या पायाभूत सुविधांच्या सक्षमीकरणाच्या अनुषंगाने’ अशी. मॅडमनी ती ओळच खोडली, म्हणाल्या घरी आजी आहे ना तुझी, तिला वाचून दाखव आणि विचार हंडे कधी भरायचे ते कळलं का. दुसऱ्या खर्ड्यात पहिल्याच ओळीत वार, वेळ, कुठले वॉर्ड आणि पाणी परत कधी येणार, कारण सगळ्यात खाली. आजही नोट लिहायला घेतली की आधी हंडे आठवतात.

मोजमापाचा पेपर जुनाट. बातमी किती कॉलम सेंटीमीटर आली, तेवढ्या जागेला जाहिरातीचा दर काय, गुणाकार करा आणि क्लायंटला सांगा एवढ्या लाखांचं कव्हरेज मिळालं. पीआरचं काम कसं मोजावं याची जी आंतरराष्ट्रीय तत्त्वं आहेत, त्या २०१० च्या बार्सिलोना प्रिन्सिपल्समध्येच स्पष्ट लिहिलंय की जाहिरातीचा दर म्हणजे पीआरची किंमत नव्हे. मी वर्गात विचारलं तर उत्तर आलं इंडस्ट्रीत हेच चालतं. चालतं हो, मान्य, पण मग कॉलेज कशाला?

इंटर्नशिपचंही असंच, माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात प्लेसमेंट, प्रत्यक्षात सहा आठवडे सकाळी सातला पेपर चाळून क्लिपिंग काढणं आणि त्यांचं डॉकेट म्हणजे क्लायंटला द्यायची फाइल बनवणं. पत्रकाराला एक फोन करू दिला नाही. तरी एक फायदा झाला, रोज दहा पेपर वाचून कुठला पेपर कसली बातमी घेतो ते डोक्यात बसलं, मीडिया लिस्ट बनवताना ते आता कामाला येतं.

आणखी एक, कोणी सांगत नाही म्हणून लिहिते, पीआर म्हणजे फक्त अंधेरी-परळच्या एजन्सी नाहीत. राज्य सरकारचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय आहे, लोकराज्य मासिक तेच काढतं, प्रत्येक जिल्ह्यात माहिती कार्यालय असतं, तिथल्या अधिकारीपदांची भरती एमपीएससीतून होते. आमच्या वर्षभरात याचा उल्लेख एकदाही नाही. गावाकडून आलेल्या दोन मुलींना मी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा कळलं त्यांना.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, त्यातले दोन क्रायसिसच्या सरांचे आणि एक मॅडमचा. ॲडमिशनच्या आधी ऑफिसात जाऊन तीन गोष्टी विचारा: मराठी लिखाणाचे तास किती, ते शिकवणारं माणूस स्वतः पेपरात होतं का, आणि इंटर्नशिपमध्ये काय काम मिळणार ते लेखी देता का. तिसऱ्याला टाळाटाळ केली तर फॉर्म भरू नका.