पॅल्स कोर्स: हृदयदोषाच्या बाळांच्या आयसीयूला पुरतो का?

लहान मुलांच्या आयसीयूत काम करायचं म्हटलं की अमेरिकन हार्ट असोसिएशनचं पॅल्सचं (गंभीर मुलांना वाचवायचं शिकवणारा कोर्स) कार्ड बहुतेक ठिकाणी आधी मागतात. तेव्हा कोर्स करावा की नाही, यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. पाहायचं ते एवढंच की, जिथे जन्मजात हृदयदोषाची, नुकतीच शस्त्रक्रिया झालेली बाळं ठेवलेली असतात, तिथे हा कोर्स कितपत कामाला येतो. आमचं मत: हात तयार होतात, डोकं अर्धंच तयार होतं.

आधी स्वरूप. वर्गात जाऊन साधारण दोन दिवस, किंवा थिअरी ऑनलाइन आणि प्रत्यक्ष सराव केंद्रावर. त्याआधी एक स्वयंचाचणी असते, तिच्यात ७० टक्के हवेत. शेवटच्या लेखी परीक्षेत ५० प्रश्न, पास व्हायला ८४ टक्के, आणि पुस्तक उघडून बघायला परवानगी. त्यामुळे परीक्षेची धास्ती नको. पैसे वसूल होतात ते सरावाच्या पुतळ्यावर.

तो भाग खरंच उत्तम आहे. सीपीआर, म्हणजे थांबलेलं हृदय चालवायला छाती दाबणं आणि श्वास देणं: मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश खोली, म्हणजे तान्ह्या बाळात साधारण ४ सेंमी आणि मोठ्या मुलात ५. वाचवणारे दोघं असतील तर १५ दाबांना २ श्वास, श्वासनळीत नळी घातल्यावर दर २ ते ३ सेकंदांना एक श्वास. आकडे पाठ असतात सगळ्यांना. बिघडतं ते हाताशी. घाईत वेग १४० वर जातो, दाबणारा छातीवर रेलून राहतो आणि छाती पूर्ण वर येत नाही, श्वास देणारी बॅग धरणारा घाबरून भराभर पिळत सुटतो. फीडबॅक देणारं यंत्र पुतळ्याला असेल तर हे तिथल्या तिथे दिसतं. २०२० पासून टीममध्ये सीपीआर कोचची भूमिकाही आली. तो फक्त दाबाकडे आणि श्वासांकडे लक्ष ठेवतो, लीडरला औषधं आणि निदानासाठी मोकळं ठेवतो. एवढा एक बदल युनिटमध्ये नेला तरी कोर्स सार्थकी लागला म्हणायचं.

औषधांच्या बाबतीत मात्र अमेरिकेतलं पुस्तक आणि आपली ट्रॉली यांत फरक आहे, आणि तो शिकवणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. हृदय सुरू करणाऱ्या औषधाचा पुस्तकातला डोस किलोला ०.१ मिली, पण तो मिलीत ०.१ मिग्रॅ असलेल्या अ‍ॅड्रेनॅलिनचा. आपल्याकडे अँप्युल येतं ते मिलीत १ मिग्रॅचं. म्हणजे आधी १ मिली अँप्युल आणि ९ मिली सलाइन, अशी १० मिलीची सिरिंज भरायची. साडेतीन किलोच्या बाळाला त्यातलं ०.३५ मिली. पातळ करायचं विसरलं तर दसपट डोस जातो, आणि नुकतीच टाके घातलेली महाधमनी त्या वाढलेल्या रक्तदाबाला सामोरी जाते. हृदय-आयसीयूत आणखी एक सिरिंज लागते, जी कोर्समध्ये नाही: पहिल्या सिरिंजमधलं १ मिली पुन्हा १० मिली केलं की मिलीत १० मायक्रोग्रॅम. किलोला ०.१ मिली दिलं तर १ मायक्रोग्रॅम, म्हणजे पूर्ण डोसचा दहावा भाग. रक्तदाब घसरतोय पण नाडी अजून लागतेय, अशा वेळी हीच कामाची. दोन्ही सिरिंजना वेगवेगळ्या रंगाची लेबलं, नाहीतर गोंधळ ठरलेला.

आता उणिवा. सरावाच्या केसेस श्वसन, शॉक (अवयवांना रक्त कमी पडणं) आणि हृदयाची लय या तीन गटांत येतात. त्यातलं मूल बहुतेक वेळा दोन व्हेंट्रिकल (रक्त ढकलणारे खालचे कप्पे) असलेलं, हृदयाची रचना नीट असलेलं. डक्टवर (जन्मानंतर मिटणाऱ्या रक्तवाहिनीवर) जगणारं नवजात बाळ आणि ती उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन येतं, हे कौतुकाचं. कार्डिओजेनिक शॉकमध्ये (हृदयच कमी पडल्याने आलेल्या) फ्लुइड किलोला ५ ते १० मिलीच, तेही १० ते २० मिनिटांत, हेही नीट सांगितलंय. पण नॉरवूडनंतरचं (एकाच व्हेंट्रिकलच्या बाळाची पहिली शस्त्रक्रिया), बीटी शंटवरचं (फुप्फुसाला रक्त पोचवणारी कृत्रिम नळी) किंवा ग्लेन (त्यापुढची शस्त्रक्रिया) झालेलं बाळ समोर आलं की पॅल्सचा चार्ट गप्प होतो.

शंट बंद पडण्याचं उदाहरण घ्या. ऑक्सिजनचं सॅच्युरेशन अचानक ७८ वरून ५० च्या खाली, स्टेथोस्कोपला येणारा शंटचा सततचा मर्मर (सूं असा आवाज) गायब, कॅप्नोग्राफवरची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) रेषा आडवी होत चाललेली. कोर्समध्ये तयार झालेला हात आधी नळीवर जातो: सरकली का, अडकली का? तपासावंच, पण त्यात चार मिनिटं घालवू नयेत. इथे फुप्फुसाला रक्तच पोचत नाही. १०० टक्के ऑक्सिजन, रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचा एकदम डोस (किलोला ५० ते १०० युनिट), शंटमधून रक्त ढकललं जावं म्हणून फेनिलेफ्रिनने शरीराचा रक्तदाब वर, आणि त्याच श्वासात सर्जन व एक्मो (हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणारं यंत्र) टीमला फोन. अशा बाळात कॅप्नोग्राफचा आकडा सीपीआरची प्रत नीट सांगत नाही, कारण फुप्फुसातून जाणारं रक्तच कमी असतं. आर्टीरियल लाइन (धमनीत रक्तदाब मोजणारी नळी) असेल तर डायस्टोलिक दाबाकडे बघा: वर्षाच्या आत २५, त्यापुढे ३० किंवा जास्त.

ग्लेनच्या बाळात डोक्याकडून येणारं रक्त पंपाशिवाय थेट फुप्फुसात जातं. जोरात बॅग पिळली की छातीतला दाब वाढतो, ते रक्त अडतं, आणि मेंदूतून परतणारी शीर तुंबते. इथे जास्त श्वास म्हणजे जास्त नुकसान. हृदय परत सुरू झाल्यावर ९४ ते ९९ सॅच्युरेशन गाठायची सवय कोर्समधून लागते. रुग्णाच्या मूळ आजाराप्रमाणे ठरवा, असं मार्गदर्शनात आहे, पण सराव करताना कोणी ते बोलत नाही. एका व्हेंट्रिकलवरच्या बाळाला पहिल्या टप्प्यानंतर ७५ ते ८५ पुरतं. ते ९५ वर नेलं की रक्त फुप्फुसाकडे वळतं, आतडी आणि किडनी उपाशी राहतात, आणि मॉनिटर सुंदर दिसत असताना लॅक्टेट (अवयवांना ऑक्सिजन कमी पडल्याची खूण) चढत जातं.

लयीच्या केसेस व्हेगल मॅनूव्हर (ठोके मंदावणारी नस चेतवणं), लय तोडणारं औषध अ‍ॅडेनोसिन, सिंक्रोनाइज्ड शॉक (ठोक्याशी जुळवलेला विजेचा झटका) या क्रमाने जातात. एसव्हीटीला (हृदयाच्या वरच्या भागातून उठणाऱ्या वेगवान लयीला) बरोबर. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत वेगवान लय दिसली तर ती जेट (वरच्या-खालच्या कप्प्यांच्या सांध्यातून उठणारी लय) असू शकते, आणि जेटला अ‍ॅडेनोसिनने बंद करता येत नाही, शॉकनेही नाही. तिथे ताप उतरवणं, शरीर किंचित थंड करणं, आयनोट्रोप (हृदयाचा जोर वाढवणारी औषधं) कमी करणं, मॅग्नेशियम, लय आवरणारं अमिओडॅरोन सावकाश, आणि शस्त्रक्रियेत हृदयावर बसवलेल्या तारा असतील तर एट्रियमला (वरच्या कप्प्याला) त्या लयीपेक्षा वेगाने पेसिंग, म्हणजे विजेने ठोके देणं. पेसिंगच्या तारांबद्दल तर कोर्समध्ये जवळजवळ काहीच नाही. पेसिंगच्या बॉक्सची बॅटरी, थ्रेशोल्ड (ठोका पडायला लागणारी किमान वीज) प्रत्येक शिफ्टला, आणि कोणती तार एट्रियमची हे ठळक लिहिलेलं, एवढ्यावर हार्ट ब्लॉकचं (वरच्या कप्प्याचा संकेत खाली न पोचणारं) बाळ तरतं.

छाती उघडण्याचंही तसंच. ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) अचानक थांबला, सीव्हीपी (मोठ्या शिरेतला दाब) चढला, बीपी पडला, म्हणजे टॅम्पोनाड (हृदयाभोवती रक्त साठून ते दाबलं जाणं) समजून चालायचं. मोठ्यांच्या हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या सीपीआरसाठी अमेरिकेतल्या थोरॅसिक सर्जनांच्या संघटनेचं २०१७ चं वेगळं मार्गदर्शन आहे: व्हीएफमध्ये (हृदय नुसतं थरथरत असताना) छाती दाबण्याआधी विजेचे तीन शॉक, आणि प्रतिसाद नसेल तर ५ मिनिटांत छाती उघडणं. मुलांसाठी ते जसंच्या तसं उचलता येत नाही, पण आपल्या युनिटचा नियम काय, हे सर्जनसोबत बसून लिहून ठेवावं लागतं. हृदयदोषाच्या मुलांच्या सीपीआरवर असोसिएशनचं स्वतःचं २०१८ चं निवेदन आहे. ते कोर्सच्या पुस्तकात विरघळलेलं दिसत नाही, वेगळं वाचावं लागतं.

परिणामांचं काय? अमेरिकेत रुग्णालयात हृदय थांबलेल्या मुलांपैकी घरी जाणाऱ्यांचं प्रमाण २००० मधल्या १९ टक्क्यांवरून २०१८ मध्ये ३८ वर गेलं. प्रशिक्षणाचा त्यात वाटा असणारच. पण २०२२ मध्ये १८ आयसीयूंवरचा मोठा अभ्यास आला. खाटेजवळ पुतळ्यावर सराव आणि दर महिन्याला झालेल्या अरेस्टची (हृदय थांबण्याच्या घटनांची) चर्चा, असं जादा प्रशिक्षण दिलं. मेंदू शाबूत राहून घरी गेलेली मुलं ५३.८ टक्के, नेहमीच्या पद्धतीत ५२.४. म्हणजे फरक जवळपास नाहीच. नियंत्रण गटातलं कामही आधीच चांगलं होतं, हे खरं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मुलांच्या हृदय-आयसीयूंनी मिळून केलेल्या दुसऱ्या कामात अरेस्टचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं, आणि तेही कसलं यंत्र न आणता: जोखमीचं बाळ रोज ओळखणं, खाटेशी छोटी चर्चा, बीपी आणि सॅच्युरेशनच्या सीमा लिहून ठेवणं, सक्शन किंवा टोचण्याआधी गुंगीचं औषध, इमर्जन्सीची औषधं वजनानुसार काढून खाटेशी तयार.

म्हणून कोर्सच्या जोडीला युनिटमध्येच तीन तासांचं सत्र लावा. अर्धा वेळ वरच्या यादीला. उरलेला शंट, ग्लेन, टॅम्पोनाड आणि एक्मोची हाक. सीपीआरच्या किती मिनिटांनी एक्मो टीमला बोलवायचं हा आकडा भिंतीवर हवा. बऱ्याच केंद्रांत तो ५ ते १० मिनिटांच्या आत असतो, कारण सर्किट (यंत्राच्या नळ्या) भरायला आणि कॅन्युला (रक्तवाहिनीतल्या जाड नळ्या) घालायला वेळ जातो, आणि त्या काळात छाती दाबणं वारंवार थांबतं. एक्मो नसलेल्या रुग्णालयाने हा वेळ बाळ आधीच हलवण्याच्या निकषांवर घालवावा.

पैसे भरण्याआधी केंद्राला तीन गोष्टी विचारा. एका पुतळ्यामागे किती जण? सहाच्या वर असतील तर तुमच्या वाट्याला हात लावायला फार थोडा वेळ येईल. तान्ह्या बाळाच्या पुतळ्याला फीडबॅक आहे की फक्त मोठ्याच्या? आणि शिकवणाऱ्यांपैकी कोणी मुलांच्या हृदय-आयसीयूत काम केलंय का? असेल, तर सरावातली एखादी केस शंटच्या बाळाची करून द्यायला सांगा. कार्ड दोन वर्षं चालतं, हातातलं कसब काही महिन्यांतच उतरायला लागतं, तेव्हा पुढच्या नूतनीकरणाची वाट न पाहता पुतळा युनिटमध्येच ठेवता येतो का, तेही बघा.