उंदरांचा बंदोबस्त : घर आणि पार्किंगमधला नऊ महिन्यांचा अनुभव

तळेगाव दाभाड्यात आमचे छोटे रो-हाऊस आहे. खाली शटरचे बंदिस्त पार्किंग, त्याला लागून स्वयंपाकघर, वर दोन खोल्या आणि माळा. मागच्या कुंपणापलीकडे शंभरेक पावलांवर भातखाचरे सुरू होतात. गेल्या आषाढात एका सकाळी गाडी सुरूच होईना, म्हणून मेकॅनिकला बोलावले. त्याने बॉनेट उघडून वायरींची एक जुडी माझ्यासमोर धरली. काळे वेष्टन सोलून निघाले होते, आतली तांब्याची तार लख्ख चमकत होती आणि वेष्टनाच्या कडेला दोन-दोन बारीक खाचा शेजारी शेजारी उमटल्या होत्या. "ताई, गाडी आज चालू करून देतो, पण उंदीर तसाच राहिला तर महिन्याभरात मला परत बोलवाल," असे तो म्हणाला. वायरिंगचे ८,४०० रुपये झाले आणि त्याच आठवड्यात ओट्याखालच्या कपाटात लेंड्या सापडल्या.

तेव्हापासून फाल्गुनापर्यंत, म्हणजे नऊ महिने, दुकानांत मिळणारे बहुतेक सर्व उपाय मी वापरून पाहिले आहेत. ज्या वस्तूची कोणीच जाहिरात करत नाही, ती पाव इंची चौकटीची वेल्डेड लोखंडी जाळी, मला सर्वांत उपयोगी पडली, त्याखालोखाल उंदीर दाबून मारणारा कमानीचा चाप. बाकीच्या बहुतेक गोष्टींवर पैसे गेले, आणि एक गोष्ट तर मी घरात आणायलाच नको होती.

आधी एक गोष्ट समजून घेतली असती तर सुरुवातीचे काही आठवडे वाया गेले नसते. आमच्याकडे उंदीर एकाच जातीचे नव्हते. स्वयंपाकघरात होते ते पिटुकले घरउंदीर. त्यांच्या लेंड्या तांदळाच्या कणीएवढ्या असतात. पार्किंगमध्ये आणि माळ्यावर वावरत होते ते मोठे काळे उंदीर. त्यांची शेपटी अंगापेक्षा लांब असते, लेंडी सुमारे अर्धा इंच भरते आणि पाइपावरून, केबलवरून, खडबडीत भिंतीवरून ते सहज वर चढतात. कुंपणाच्या कडेला मातीचे ढीग उकरलेले दिसत होते, ते घुशीचे काम. पिटुकला उंदीर नवी वस्तू दिसली की हुंगायला लगेच पुढे येतो आणि त्याचा वावर थोड्या जागेतच असतो, म्हणून त्याच्यासाठी चाप जवळजवळ लावावे लागतात. मोठा उंदीर मात्र नव्या वस्तूला बिचकतो आणि कित्येक दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही.

सर्वांत आधी मी घेतले ते उंदीर पळवण्यासाठी भिंतीच्या सॉकेटला लावायचे, अतिशय उंच पट्टीच्या ध्वनिलहरींचे यंत्र. किंमत साधारण ९०० रुपये, डब्यावर मोठमोठे दावे. पहिल्या चार-पाच रात्री खुडबुड कमी वाटली आणि मला फार आनंद झाला. आठव्या दिवशी त्याच यंत्राच्या खाली, सॉकेटपासून हातभर अंतरावर, ताज्या लेंड्या पडलेल्या होत्या. इतक्या उंच पट्टीचा आवाज भिंतीपलीकडे जात नाही, कपाट किंवा पोते आड आले तरी अडतो आणि उंदरांना त्याची सवय होते. अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण पाहणाऱ्या केंद्रीय व्यापार आयोगाने २००१ मध्येच अशी यंत्रे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या साठाहून अधिक व्यावसायिकांना, दाव्यांना शास्त्रीय आधार हवा, अशी लेखी समज दिली होती, हे मला नंतर वाचायला मिळाले. हे यंत्र कोणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाडीत तंबाखूची पाने ठेवण्याचा सल्ला आमच्याकडे सगळेच देतात. मीही पाने जाळीदार पिशवीत बांधून बॅटरीशेजारी ठेवली. मावळातल्या पावसाळी हवेत ती दहा दिवसांत ओलसर होऊन त्यांचा वास उतरला, आणि महिन्याने एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा आत कापूस, कागदाचे कपटे आणि आमच्याच पायपुसण्याचे धागे यांचे घरटे होते. बॉनेटखाली फवारायच्या औषधाचाही गुण धुळीने आणि पाण्याने असाच आठ-दहा दिवसांत गेला. डांबराच्या गोळ्या मात्र मी स्वयंपाकघराच्या आसपासही ठेवू दिल्या नाहीत. त्यांचा वास माणसालाही बाधतो, आणि लहान मूल त्या तोंडात घालू शकते.

चिकट पुठ्ठा मी एकदाच वापरला. पहाटे पाचला दिवा लावला तेव्हा त्यावर एक पिटुकला उंदीर चारही पाय आणि एक गाल चिकटून पडलेला होता, जिवंत होता, आणि सुटायच्या धडपडीत त्याच्या मागच्या पायाची कातडी निघाली होती. माझ्या सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळानेही या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिलेल्या आहेत. उंदीर मारावा लागतो हे मला मान्य आहे, पण तो असा मारू नये.

विषारी वडीबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. ब्रोमॅडिओलोन ०.००५ टक्के असलेल्या वड्या सगळीकडे मिळतात. हे औषध शरीरातल्या के जीवनसत्त्वाचे काम अडवते, त्यामुळे रक्त गोठत नाही आणि उंदीर काही दिवसांनी आतल्या रक्तस्रावाने मरतो. मरण उशिरा येत असल्यामुळे त्याचा संबंध खाण्याशी जोडणे बाकीच्या उंदरांना जमत नाही, आणि म्हणूनच ते गुणकारी आहे. मी पार्किंगच्या कोपऱ्यात चार वड्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी चारही नाहीशा झाल्या, तेव्हा त्या खाल्ल्या गेल्या असेच मी समजले. तिसऱ्या दिवशी मुलगी शाळेत निघताना कॅनव्हासचा बूट घालू लागली आणि "आई, आत काहीतरी आहे" म्हणाली. बुटाच्या टोकाशी निळसर रंगाची अख्खी वडी होती, तिच्या एका कडेला फक्त दातांचे ठसे होते. उंदीर खाणे जागच्या जागी संपवत नाही, ते उचलून आडोशाला नेऊन ठेवतो, हे मला माहीत असायला हवे होते. उरलेल्या तीन वड्या शोधायला अर्धा दिवस लागला. दोन सापडल्या, तिसरी नाहीच. पुढच्या आठवड्यात माळ्यामागच्या पोकळीतून असा वास सुटला की बारा दिवस वरच्या खोलीत कोणी झोपू शकले नाही.

ज्यांना हे औषध वापरावेच लागेल त्यांनी ते कुलूप लागणाऱ्या आमिषपेटीत, आतल्या सळईत वडी ओवूनच ठेवावे आणि वेष्टन जपून ठेवावे, कारण चुकून कोणाच्या पोटात गेलेच तर डॉक्टरांना औषधाचे नाव लगेच सांगता येते आणि के-१ जीवनसत्त्व देऊन उपचार करता येतात. विष खाल्लेला उंदीर मांजराने किंवा गव्हाणी घुबडाने खाल्ला तर ते विष त्यांच्याही अंगात जाते. आमच्या खाचरांवर रात्री घुबडे बसतात आणि आमच्यापेक्षा जास्त उंदीर तीच मारतात. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट मात्र कोणत्याही परिस्थितीत घरात आणू नये. तिने यकृत निकामी होते आणि तिच्यावर उतारा नाही.

आता चापाबद्दल. लाकडी पाटीचे सहा आणि प्लॅस्टिकचे चार चाप मी प्रत्येकी सव्वाशेच्या आसपास घेतले. पहिल्या आठवड्यात पार्किंगमध्ये एकही उंदीर सापडला नाही आणि मी ते परत करायच्या विचारात होते. मग आळीतल्या एका जुन्या धान्य दुकानदारांनी मला रीत सांगितली आणि तिनेच फरक पडला. चाप भिंतीला टेकवून, आडवा, आमिषाची बाजू भिंतीकडे करून ठेवायचा, कारण उंदीर मोकळ्या जागेतून न जाता भिंतीला अंग घासत जातो. आमच्या भिंतीच्या तळाशी त्याच्या अंगाच्या तेलकटपणाची काळपट रेघच उमटलेली होती. पहिल्या पाच रात्री चापाची कमान न ओढता नुसते आमिष ठेवायचे आणि उंदराला निर्धास्तपणे खाऊ द्यायचे. सहाव्या रात्री सगळे चाप एकदम ओढायचे. आमिष म्हणून भाजलेल्या खोबऱ्याचा लहान तुकडा दोऱ्याने पट्टीला घट्ट बांधायचा, म्हणजे तो अलगद उचलून नेता येत नाही. त्या सहाव्या रात्री तीन मोठे उंदीर सापडले आणि श्रावण संपेपर्यंत एकूण अकरा. स्वयंपाकघरातल्या पिटुकल्यांसाठी शेंगदाण्याचे कूट गुळात मळून हरभऱ्याच्या डाळीएवढी गोळी पुरली. प्लॅस्टिकचे चाप धुता येतात म्हणून बरे, पण दोन महिन्यांत त्यांतल्या दोन चापांची कमान सैल झाली. लाकडी सहाही अजून चालू आहेत.

भाद्रपदात गणपती बसल्यावर सासूबाईंनी दहा दिवस चाप लावू दिले नाहीत. रात्रीच्या वेळी तर त्या उंदराचे नावही घेत नाहीत, उंदीरमामा म्हणतात. मी त्यांचा मान राखला आणि तारेचा पिंजरा लावला. पिंजरा चांगला आहे, पण सापडलेल्या उंदराचे करायचे काय, याचे उत्तर त्यात नाही. मी दोन उंदीर ओढ्यापलीकडे सोडले तेव्हा खाचरात काम करणारे गृहस्थ म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरची पीडा माझ्या भातात कशाला सोडता?" त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, आणि त्यानंतर मी असे केले नाही. एका रात्री पिंजऱ्यात चिचुंद्री आली. लांबट सोंडेसारखे तोंड, बारीक डोळे आणि उग्र वास यांवरून ती लगेच ओळखता येते. ती उंदीर नव्हे. झुरळे आणि किडे खाते, वायरी कुरतडत नाही. तिला अंगणातच सोडून दिले.

चापांनी संख्या कमी झाली, पण थांबली नाही, कारण वाट उघडीच होती. उंदराची मादी साधारण तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी सहा-आठ पिल्ले होतात, त्यामुळे नुसते पकडत राहणे हे पाण्याचा नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखे आहे. अश्विनात, भात कापणीला येण्याआधी, मी वाटा शोधायला घेतल्या. रात्री झोपण्यापूर्वी शटरखाली, पाइपांच्या तोंडाशी आणि दाराच्या कोपऱ्यांत रांगोळीची पूड चाळणीने पातळ पसरायची आणि सकाळी पावलांचे ठसे पाहायचे. पुढच्या पायाची चार बोटे, मागच्याची पाच, आणि मधून शेपटीची बारीक रेघ. चार सकाळींत सात वाटा सापडल्या. त्यांपैकी सिंकच्या पाइपाभोवतीची फट इतकी लहान होती की तिच्यातून पेन्सिल जेमतेम गेली असती, पण पिटुकल्या उंदराला सुमारे ६ मिलिमीटर पुरतात. मोठ्याला साधारण दुप्पट.

पहिल्यांदा मी फुगणारा फोम भरला आणि उंदरांनी तो दोन रात्रींत पोखरला. मग गवंड्याला बोलावून मोठी भोके जाळी आत दडवून सिमेंटने बुजवली. जाळी घेताना चौकटीचे माप हातात पट्टी घेऊन पाहावे. दुकानदार अर्धा इंची देऊ पाहतात, आणि तीतून पिटुकला सहज जातो. पाइपाभोवतीच्या फटींत भांडी घासायच्या स्टेनलेस स्टीलच्या घासण्या कोंबून वरून सिमेंट लावले. साधी लोखंडी घासणी मी एका ठिकाणी वापरली होती, ती पावसाने गंजून भुसा झाली. नहाणीच्या मोरीला झाकण, माळ्याच्या झरोक्याला जाळी, गाडीच्या हवेच्या तोंडाला मेकॅनिककडून बारीक जाळी. आत राहिलेला उंदीर बाहेर पडायला दारे कुरतडतो, म्हणून हे सगळे चालू असताना चाप लावलेलेच ठेवले. मजुरीसह सुमारे ३,६०० रुपये खर्च आला, म्हणजे एका वायरिंगच्या निम्म्याहून कमी. पार्किंगमधले पाखरांसाठीचे बाजरीचे पोते पत्र्याच्या डब्यात गेले आणि जुनी रद्दी त्याच दिवशी विकली.

साफसफाईत मी सुरुवातीला मोठी चूक करत होते, ती म्हणजे कोरड्या झाडूने लेंड्या लोटणे. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरतात आणि ते हातापायांवरच्या जखमेतून शिरतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत या आजाराने माणसे दगावली होती. आता मी रबरी हातमोजे घालते, ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून दहा मिनिटे थांबते आणि मग कागदाने सर्व उचलते. मेलेला उंदीरही हातमोज्यांनीच, दोन पिशव्यांत.

कार्तिकात कापणी झाली आणि खाचरांतले उंदीर नेहमीप्रमाणे घरांकडे वळले. आमच्या ओळीतल्या तीन घरांत त्या महिन्यात गाड्यांच्या वायरी तुटल्या. आमच्या पार्किंगमध्ये चापात एकच सापडला, स्वयंपाकघरात एकही नाही, आणि पौषापासून तर कोठेच काही नाही. दर शनिवारी मात्र मी रांगोळीची पूड टाकते. गेल्या शनिवारी शटरच्या पश्चिम कोपऱ्यातले रबर बोटभर कुरतडलेले दिसले आणि बाहेरच्या बाजूला ठसे होते, आत नव्हते. रबराच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी बसवायला सांगितली आहे, आणि ती येईपर्यंत त्या कोपऱ्यात दोन लाकडी चाप लावून ठेवले आहेत.