पीयू पॉलिशच्या नावाखाली 24,300 गेले, वर पितळी हँडलंही गेली

जुनं फर्निचर पॉलिशला देणार असाल तर आधी हे वाचा. आजोबांचं सागवानी टेबल, चार ड्रॉवर, आठ पितळी हँडलं. पीयू पॉलिश (पॉलियुरेथेन, म्हणजे लाकडावर प्लास्टिकसारखा टणक थर) 22,500 ला ठरलं, त्यातले 15,000 अॅडव्हान्स. मधेच पॉलिशवाल्याने वाळवीच्या औषधाचे म्हणून 1,800 अजून काढले. हँडलं उजळून आणतो म्हणून घेऊन गेला. हँडलं स्वतः काढून कपाटात ठेवा, कुणाच्या हातात देऊ नका!!

काम माझ्या डोळ्यांसमोर झालं, हेच जास्त जाळतं. पीयूचे सहसा दोन डबे असतात, बेस आणि हार्डनर, लावायच्या आधी मापात मिसळतात. याच्याकडे एकच बाटली, घरभर स्पिरिटचा वास, आणि बोळ्याने मारलेला हात दहा मिनिटांत सुकतोय. मी विचारलं पण, हार्डनर कुठंय? तर म्हणे, "ताई, मिक्स करूनच आणलंय." मिक्स केलेला माल काही तासांत डब्यातच घट्ट होतो, हे मी वाचलेलं होतं, आणि ही बाटली तो तीन दिवस वापरत होता! तिथेच काम थांबवायला हवं होतं. पण माणूस इतका ठाम बोलत होता, आधीच्या कामांचे फोटो दाखवत होता, घरात आलेल्याला तोंडावर खोटारडा कसं म्हणणार, तुम्ही तरी म्हटलं असतं का?

तीन आठवड्यांनी गरम कप ठेवला तर पांढरी रिंग. टेबलाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा कापूस घासला तर चिकट तपकिरी निघालं, म्हणजे चपडा लाख, स्पिरिटमध्ये विरघळणारी. पीयू असतं तर काही निघालं नसतं. लाखेचं पॉलिश वाईट नाही, सागवानाला शोभतं, पण मग लाखेचेच पैसे घे ना! कोपऱ्यांत जुनं मेण आणि मळ तसाच, त्यावरच हात मारलेला, नखाने पापुद्रे निघतात. उजळून आणली म्हणून त्याने परत लावलेल्या हँडलांना चुंबक लावला तर चिकटला. पितळेला चुंबक चिकटत नाही. मुलामा दिलेलं लोखंड आहे.

पोलिसांकडे गेले तर हा दिवाणी मामला, ग्राहक तक्रार करा. तिथे म्हणे बिल कुठंय. बिल त्याने दिलंच नव्हतं, पैसे पाठवल्याचा पुरावा आहे म्हटलं तर तो कशाचा ते त्यात लिहिलेलं नाही. मग म्हणे पीयू नाही याचं सर्टिफिकेट आणा, कुठून आणू ते कोणी सांगेना. परत पोलिसांकडे गेले तर फोटो बघून एक साहेब म्हणाले, "टेबल तर चमकतंय की." चार चकरा, तीन अर्ज, पोच एकाचीही नाही. चोरी झाली म्हणतेय मी, हँडलं चोरलीत!

बिलावर मटेरियलचं नाव लिहून घ्या, सीलबंद डबा समोर फोडायला लावा.

हँडलं दे, पैसे सोडते, असा मेसेज केलाय त्याला. निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही.