माटुंग्यात खायचं तर घड्याळ बघून

मुंबईत माटुंगा पूर्वेला खायला निघालात तर आधी वार बघा. सोमवार असेल तर बेत मंगळवारवर ढकला, कारण कॅफे मद्रास आणि रामा नायक यांचं उडुपी, दोन्ही सोमवारी बंद असतात. मग गाडी बघा. मध्य रेल्वेच्या माटुंग्याला फक्त धीम्या लोकल थांबतात. जलद गाडीत चढला असाल तर दादरला उतरून धीमी पकडायची. पश्चिम रेल्वेवाल्यांनी माटुंगा रोडला उतरून झेड पुलावरून पलीकडे यावं. आणि हार्बरवर 'किंग्ज सर्कल' ही पाटी दिसली म्हणून तिथे उतरू नये. खाण्याचं किंग्ज सर्कल म्हणजे माहेश्वरी उद्यानाभोवतीचा भाग. त्या नावाचं स्टेशन मात्र शीवच्या अंगाला, षण्मुखानंद सभागृहाकडे आहे, तिथून दहा-पंधरा मिनिटं पायपीट होते.

इथल्या खाण्याचे दोन पुंजके आहेत. एक स्टेशनसमोरचा: राम आश्रय, शारदा भवन, रामा नायक. दुसरा सर्कलचा: कॅफे म्हैसूर, कॅफे मद्रास, आनंद भवन. मधलं अंतर रमतगमत दहा मिनिटांचं, वाटेत फुलवाले आणि केळीची पानं. एकाच ठिकाणी बसून पोट भरायचं ही माटुंग्यातली सगळ्यात मोठी चूक. प्रत्येक हॉटेलाचा एखाद-दुसरा पदार्थ खरा, आणि त्या पदार्थाची वेळ ठरलेली.

सकाळ राम आश्रयची. 1939 पासूनचं हे ठिकाण पहाटे पाचला उघडतं. सातच्या आत गेलात तर सहज जागा मिळते. रविवारी नवाला गेलात तर रस्त्यावर उभे. इथे मागवायचा तो उपमा आणि त्या दिवसाचा शिरा. शिऱ्याचा स्वाद रोज बदलतो, कधी अननस, कधी आंबा, कधी स्ट्रॉबेरीसुद्धा. स्ट्रॉबेरीचा शिरा ही कल्पना सत्यनारायणाच्या प्रसादावर वाढलेल्या माणसाला रुचायला वेळ लागतो. अननसाचा असेल त्या दिवशी दुसरा विचार करू नये. घरी हा शिरा बिघडतो तो दोन कारणांनी. रवा पुरता फुलायच्या आत साखर घातली की साखर पाणी ओढून घेते आणि रवा कचकचीत राहतो. आणि सवयीने दूध ओतलं की अननसाच्या आंबटपणाने ते फाटतं. अननसाचे तुकडे आधी थोड्या साखरेत शिजवावेत, रवा तुपात खमंग भाजून त्यावर उकळतं पाणी घालावं, झाकण ठेवून फुलवावा आणि मगच उरलेली साखर घालावी. दूध नकोच. उपमा मात्र आल्या आल्या खावा. ताटलीत तो जरा पसरलेलाच हवा. पाच-सात मिनिटं गप्पा मारल्यात तर रवा उरलेलं पाणी शोषून त्याची वडी होते, आणि मग चटणी कितीही घेतली तरी घशात अडकतो.

नाश्त्यानंतर सर्कलकडे. कॅफे म्हैसूर 1936 चं, या भागातल्या सगळ्यात जुन्यांपैकी. इथे म्हैसूर साधा डोसा घ्यावा. मुंबईत 'म्हैसूर' म्हणजे डोशाच्या आतल्या बाजूला लाल चटणी आणि लोणी फासलेलं. चटणी लावायची वेळ नेमकी असते: डोशाचा वरचा ओलेपणा गेला, पण कडा अजून सुटल्या नाहीत, तेव्हा. आधी लावली तर पीठच चटणीबरोबर ओढलं जातं, उशिरा लावली तर चटणी कच्ची लागते. भाजी भरलेला म्हैसूर मसाला पोटभरीचा खरा, पण बटाट्याच्या वाफेने आतला कुरकुरीतपणा लवकर जातो. चटणीची चव घ्यायची असेल तर साधाच बरा.

भाऊ दाजी रोडवरच्या कॅफे मद्रासला बाहेर नाव लिहून थांबावं लागतं. 1940 पासूनचं हॉटेल. रविवारी सकाळची वाट बघण्याची तयारी नसेल तर मंगळवार ते गुरुवारची संध्याकाळ निवडा. दुपारी मध्ये काही वेळ बंद असतं हेही लक्षात ठेवा. दोघंच असाल तर टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायची तयारी दाखवा, नंबर लवकर लागतो.

इथे मागवताना क्रम महत्त्वाचा. सगळं एकदम सांगितलंत तर सगळं एकदम येतं, आणि त्यातलं निम्मं निवतं. सुरुवात रसम वड्याने करावी. वडा रसमात बुडालेला येतो. लगेच तोडला तर आत कोरडा लागतो; चमच्याने दोनदा उलटा करून तीन-चार मिनिटं थांबा. कडेची लाल साल अजून दाताला लागते आणि आतला भाग स्पंजासारखा रस धरून असतो, ती वेळ. त्यापुढे गेलात तर उडदाचा लगदा. रसमही बघण्यासारखं. चांगल्या रसमात मिरी-जिऱ्याचा झणका आधी नाकाला लागतो, मागून चिंच येते, आणि तळाला डाळीचा थोडा गाळ असतो. रसम घरी सपक होतं ते उकळत ठेवल्यामुळे. वर फेस धरला की गॅस बंद करायचा, मग वरून फोडणी आणि कोथिंबीर. खळाखळा उकळू दिलं की वास सगळा स्वयंपाकघरात आणि वाटीत नुसतं आंबट पाणी.

दुसरा नंबर नाचणीच्या डोशाचा. बारीक, तपकिरी, जाळीदार. नाचणीला गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे हा डोसा गरम असताना कागदासारखा मोडतो आणि निवला की मऊ पडतो. टेबलावर आल्यापासून चार मिनिटं, त्याहून जास्त नाही. फोटो काढायचे असतील तर पोडी इडलीचे काढा, ती थांबते. पोडी म्हणजे भाजलेल्या डाळी आणि सुक्या मिरच्यांची भरड पूड. लोणी किंवा तेलात ती नीट भिजलेली असली तरच खावी. कोरडी पूड तोंडात गेली की ठसका ठरलेला.

नीर डोसा कोकणातल्या माणसाला ओळखीचा वाटेल, आणि वाटावाच. आपल्या घावनाचा तो सख्खा भाऊ. तांदूळ भिजवून गंधासारखा बारीक वाटायचा, पीठ ताकाइतकं पातळ करायचं, आंबवायचं नाही. तवा चांगला तापवून पीठ वरून ओतायचं. डावाने फिरवायला गेलात तर फाटलाच. झाकण ठेवून एकाच बाजूने वाफवायचा. गरम असताना रेशमासारखा, गार झाला की घड्या एकमेकींना चिकटतात. गूळ-खोबऱ्याबरोबर खावा. सांबारात बुडवणाऱ्याला कोणी अडवत नाही, पण त्याच्या नाजूक चवीचं तिथे काही उरत नाही.

सांबाराबद्दल एक सांगायला हवं, कारण मराठी जिभेची तक्रार बहुतेक तिथेच असते: 'गोड आहे.' आहे खरं. उडुपी पद्धतीत गूळ पडतोच, आणि धने-मिरची-खोबऱ्याचं वाटण लागतं. आपल्या चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्याने खरं तर कुरकुरू नये. तिखट हवं असेल तर चटणी मागावी, सांबाराला नावं ठेवू नयेत.

जेवण रामा नायक यांच्याकडे. श्री कृष्ण बोर्डिंग, 1942 सालचं, स्टेशनला लागून महापालिकेच्या मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. थाळी मर्यादित आणि अमर्यादित अशा दोन प्रकारची, आणि केळीच्या पानावर वेगळी. पानावरचीच घ्या. गरम भात पानावर पडला की त्या वाफेचा जो वास येतो तो स्टीलच्या ताटात कुठून येणार! दुपारी साडेअकरा-बाराला पोचलात तर भाज्या ताज्या आणि गर्दी बेताची. एक ते दोनच्या दरम्यान सगळी मंडई जेवायला आल्यासारखं वाटतं.

इथे आपली सवय आडवी येते. आपण वरण-भातापासून सुरू करतो. उडुपी पानात पोळी-भाजीनंतर भाताला आधी रसम, मग सांबार, शेवटी दही किंवा ताक. म्हणजे पातळाकडून दाटाकडे आणि मग थंडाव्याकडे. सांबार-भात आधी खाल्लात तर त्यानंतर रसम फिकं लागतं. भात एकदम डोंगराएवढा घेऊ नये. तीन वेळा थोडाथोडा मागावा, वाढपी न कंटाळता वाढतात. रसम वाढण्याआधी भातात बोटांनी खळगं करून ठेवा. नवखे इथेच फसतात: सपाट भातावर पळीभर रसम पडतं, पानाच्या उतारावरून थेट मांडीवर. पानात टाकून उठणं इथे शोभत नाही, तेव्हा बेतानेच मागा. गोड पदार्थ थाळीत धरलेला नसतो, वेगळा सांगावा लागतो. माटुंगा पश्चिमेच्या यशवंत नाट्यमंदिरात दुपारचा प्रयोग असेल तर मात्र मर्यादित थाळी बरी. नाहीतर पहिल्या अंकातच घोरणं सुरू होतं आणि शेजारचे खुर्ची हलवून उठवतात.

शारदा भवनला दुपारच्या उतरत्या वेळी कॉफीसाठी टेकावं. रुईया-पोदार कॉलेजांच्या कित्येक पिढ्या या भागातल्या टेबलांवर अर्ध्या अर्ध्या कॉफीवर तासन् तास बसल्या आहेत. गर्दीच्या वेळी आता ती चैन कुठेच चालत नाही.

पार्सलचं साधं गणित: इडली चालते, वडा आणि सांबार वेगवेगळे बांधून घेतले तर चालतात, डोसा कुठलाच चालत नाही. फॉइलमध्ये गुंडाळला की स्वतःच्याच वाफेत तो घडीची पोळी होतो.

त्यापेक्षा घरी न्यायची ती कॉफीची पूड. माटुंग्यात म्हैसूर कन्सर्न्ससारख्या दुकानांतून ती समोर दळून मिळते. पहिल्यांदा घेताना शंभर ग्रॅमच घ्या, चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) वीस टक्के सांगा आणि 'फिल्टरसाठी' हा शब्द विसरू नका. दळण फार बारीक झालं तर चाळणी तुंबते, फार जाड झालं तर पाणी धावत खाली जातं आणि कॉफीचा काढा पांचट होतो. फिल्टरच्या वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पूड, चकतीने अलगद दाबलेली. दाबून बसवलीत तर थेंबही उतरणार नाही. त्यावर उकळी बसलेलं दीडशे मिलि पाणी आणि वीस मिनिटं हात न लावणं. एक भाग काढा, तीन भाग कडकडीत दूध. काढा पुन्हा गॅसवर ठेवायचा नाही, कडू होतो. तापवायचं ते दूध. पूड हवाबंद डब्यात दोन आठवडे खरी वास धरते, म्हणून शंभर ग्रॅम.