एक रुपयापासून हर्रास: नाण्यांच्या ॲपवरचे आठ महिने

मृग लागला तेव्हा हे ॲप फोनमध्ये टाकलं, आता हरभरा सोंगून झाला. एवढ्या काळात 31 नाणी विकली, त्यातली 19 एक रुपयाच्या बोलीपासून. गाव आर्वी तालुक्यातलं. भांडवल म्हणाल तर आजीच्या गाठोड्यातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे रुपये, थोडे भोकाचे पैसे आणि डबाभर शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी.

यार्डात कापसाच्या गाडीवर हर्रास बोलतात तेव्हा पहिली बोली खालचीच असते. पण गाडीभोवती किती व्यापारी उभे आहेत ते आपल्याला दिसतं. दोघंच असले तर आपण गाडी तशीच उभी ठेवतो. फोनवर हे दिसत नाही, आणि माझं जे काही नुकसान झालं ते इथंच.

चांदीत मात्र एक रुपयाची बोली बिनधास्त लावा. राणीछाप रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात 91.7 टक्के चांदी. शौकीन नसला तरी वितळवणारा असतोच, त्यामुळे बोली चांदीच्या भावाच्या फार खाली राहत नाही. माझा एकही रुपया त्याखाली गेला नाही. वर जाणं मात्र फोटोवर आहे. 1862 साल छापलेले रुपये टांकसाळीत 1874 पर्यंत पडत होते, साल तेच, साचे वेगवेगळे. हे कळल्यावर मी राणीच्या अंगावरच्या कपड्याची नक्षी आणि मागची वेलबुट्टी उन्हात जवळून टिपून टाकली. त्याच गाठोड्यातला तसाच रुपया, आधीचा चांदीच्या भावात गेला होता, हा त्याच्या दुपटीला. जॉर्ज सहाव्याचे 1940 ते 1945 चे रुपये घेऊन मात्र फार आशा धरू नका, त्यात चांदी निम्मीच. आजीच्या पोतीतले, कडी डाग देऊन बसवलेले रुपयेही तोळ्यावरच गेले.

तांब्याची गोष्ट वेगळी. शिवराईला वितळवणारा नाही, म्हणजे खाली आधार नाही. दोन शौकीन भिडले तर भाव, एकच आला तर तो म्हणेल ते. एक बरी दुदांडी, म्हणजे दोन दांड्यांची शिवराई एक रुपयाला लावली आणि मुदत नेमकी पोळ्याच्या संध्याकाळी संपेल अशी ठेवली. मी बैल घेऊन तोरणाखाली, आणि शिवराई घेणारे बहुतेक आपल्याच महाराष्ट्रातले, तेही तिकडेच. घरी येऊन पाहतो तर 14 रुपयांना गेलेली. पाकीट आणि पोस्टाचा खर्च त्याहून जास्त. माल मात्र पाठवला, शब्द म्हणजे शब्द. दुसरी एक शिवराई घरच्यांनी चिंच अन् राखेनं घासून लखलखीत करून ठेवली होती. तिच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही.

त्यानंतर भाचा म्हणाला, "मामा, मी माझ्या फोनवरून बोली चढवतो ना थोडी." एकदा ऐकलं त्याचं. 90 रुपयांवर समोरचा थांबला, भाच्याची 100 ची बोली राहिली. शिवराई घरातच आणि ॲपचं कमिशन खिशातून. चूक माझीच, सांगायला लाज वाटते.

ॲपबद्दल सांगायचं तर शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की मुदत आपोआप वाढते, हे चांगलं. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली माल द्यायचा नाही ती, लावायची सोय आहे, पण ती लावली की लोक येतच नाहीत, मी दोनदा पाहिलं. पैसे पार्सल पोचल्यावर येतात, आमच्या गावाहून म्हणजे आठवडा धरा. आणि शेवटच्या घटकेला लाइन गेली, टॉवर गेला, तर काय झालं ते सकाळीच कळतं.

शेजारच्या काकांना नांगरताना मडक्यात नाणी सापडली, तीही टाकून दे म्हणत होते. नाही टाकली. 1878 च्या कायद्यानं जमिनीतून निघालेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते.

आता चांदी एक रुपयापासून, तांबं 60 पासून, आणि मुदत रविवारी रात्री नऊला. एखाद्या शिवराईला 60 वर कोणी येत नाही, मग ती परत डब्यात जाते. सध्या डब्यात अकरा आहेत.